शेवटचं सांगा

आमच्या आत्याला काळीजच नाही, म्हणून ‘हरिश्चंद्रा’समोर तिची धडधड वाढत नाही, असं जुन्या फर्निचरच्या बाजारात सगळे छातीठोक सांगतात. साफ खोटं. आत्याला काळीज आहे, ते रक्तदाबाच्या दोन गोळ्यांवर चालतं आणि जिना चढताना शेजाऱ्यांनाही ऐकू जातं.

हरिश्चंद्र म्हणजे बाजार समितीने गाळ्यागाळ्यात टांगलेलं यंत्र. ते आवाज ऐकतं, चेहरा निरखतं आणि कुणी थाप मारली की लाल दिवा लावून बेडकासारखं ओरडतं. दुकानदाराच्या नावावर महिन्यात तीन लाल दिवे पडले की गाळा गेला.

पहिल्याच दिवशी शेजारचा खुर्चीवाला घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आईशप्पथ, मलाच एवढ्याला पडली!”

डराँव!

गिऱ्हाईक नाक मुरडून म्हणालं, “तशी काही खास नाही.”

डराँव!

“बरं, चक्कर मारून येतो हं.”

डराँव!

समितीला वाटलं होतं, खरेपणा आला की स्वस्ताई येईल. झालं भलतंच. गिऱ्हाइकाला वस्तू आवडलीय हे दिवाच सांगायला लागला, तेव्हा खुर्चीवाल्याने भाव चढवला आणि तोंडाला कुलूप लावलं. आता गिऱ्हाइकं पलंग घ्यायला येतात आणि टेबलाकडे टक लावून बसतात.

आत्याचे दोन दिवे तर पहिल्या चहाच्या आत लागले. “असं कपाट पुन्हा यायचं नाही,” ती म्हणाली. मागे तस्संच दुसरं उभं होतं. मग म्हणाली, “तुमच्याकडून मी एक पैसा नफा घेत नाही.” आता आणखी एक डराँव झालं की बावीस वर्षांचा गाळा हातचा जाणार होता.

“आत्या, महिना संपायच्या आत तिसरा लागतोच,” मी म्हटलं. “पैज!”

“हरलीस तर दिवसभर नकला करतेस ना, त्या बंद. महिनाभर कुणाची नक्कल करायची नाही.”

“आणि जिंकले तर?”

“तर मी रस्त्यावर. तेव्हा माझ्याकडे काय मागणार आहेस, कपाळ?”

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या बाई कपाट बघायला आल्या.

“लाकूड सागवानी का हो?”

“तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगायचं?”

“टिकेल ना?”

“माझं वय किती वाटतं तुम्हाला?”

“असेल साठ.”

“मग?”

बाई हसल्या. दिवा हिरवाच. प्रश्न खोटा कसा ठरणार? बिचारा हरिश्चंद्र डोळे मिचकावत राहिला. आत्याने भाव सांगितला. आकडा काही खोटा नसतो. मग बाईंनी मान तिरकी करून नेमका घात केला.

“ते झालं. शेवटचं सांगा.”

‘हेच शेवटचं’ म्हटलं असतं तर गाळा गेलाच होता. आत्या फडकं झटकत म्हणाली, “शेवटचं सांगायला मी काय मरायला टेकलेय?”

कपाट गेलं.

असा महिना ढकलला. शेवटच्या दिवशी समितीचे तपासनीस आले, तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलणारे.

“बाई, तुम्ही यंत्राला चकवता?”

“चकवायला मी काय कॉलेजात गेलेय?”

“प्रश्न नको. हो की नाही? एका शब्दात!”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. पैज मी जिंकणार होते, आणि मला ती मुळीच नको होती.

“हो,” आत्या म्हणाली.

हिरवा!

तपासनिसांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. खोटं बोलण्याला दंड होता. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं, ते कुणी लिहिलंच नव्हतं.

“मला... मला हे ठाऊकच होतं,” ते म्हणाले.

डराँव!

ते गेल्यावर आत्या खुर्चीत बसली. मी पाणी दिलं.

“हरलीस,” ती म्हणाली. “महिनाभर नक्कल बंद. वाईट वाटतंय का गं?”

“छे! मला काहीच वाटत नाही.”

डराँव!

आत्या हसून हसून खोकायला लागली. मीही हरिश्चंद्रासारखं ओरडायला तोंड उघडलं, तर तिने बोट वर केलं.

“बेडूकसुद्धा नाही.”