सूपभर जोंधळे

हे लिहायला मी फार वर्षं लावली. लोक अनुभव सांगतात तेव्हा आधी संकट येतं आणि मग देव धावून येतो. माझ्या बाबतीत या दोहोंच्या मध्ये एक खोटं आलं, आणि ते माझं होतं.

आणीबाणीचे दिवस होते. संपात पुढे होते म्हणून आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मिलच्या दारातूनच धरून नेलं होतं. कुठल्या तुरुंगात आहेत, तेही धड कळत नव्हतं. भवानी पेठेतल्या घरात मी आणि सासूबाई, दोघीच. आधीची दोन मुलं बारशाआधीच गेलेली. त्यामुळे सरकारी दवाखान्यात तिसरा मुलगा सुखरूप झाला, तरी मला आनंदाचीच भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई डबा आणायला घरी गेल्या, तेव्हा हिरव्या चुड्याची एक बाई माझ्या खाटेशी येऊन बसली. दोन दिवस ती वॉर्डात सगळ्यांची विचारपूस करत हिंडत होती. माझी कहाणी ऐकून म्हणाली, "दोन गेली म्हणता, आन ह्याला अजून टाकून घेतलं न्हाय व्हय?"

ही रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. जिची मुलं जगत नाहीत, तिचं बाळ केरावर टाकायचं, परक्या बाईने उचलायचं आणि आईने सूपभर जोंधळे देऊन तिच्याकडून परत घ्यायचं. मग ते बाळ आपलं राहत नाही आणि काळाची नजर त्याच्यावर पडत नाही. बाई म्हणाली, "खाली झाडापाशी केर हाय, तितं टाकून लगेच उचलून आणते. जोंधळे मागनं द्या की. आईनं मागं बघायचं नसतंय मात्र." मी बाळ तिच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सासूबाई डबा घेऊन आल्या, तेव्हाही मी भिंतीकडेच बघत होते. दोन घालवलीस आणि तिसरं हाताने देऊन टाकलंस, असं त्या म्हणतील या धास्तीने माझ्या तोंडून निघालं, "मला झोप लागली होती." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण कुणी न विचारता मी वर म्हणाले, "मघाशी हमीदाबी आली होती." हमीदाबी म्हणजे वॉर्डातली आया. बाळंतपणात रात्रभर माझी कंबर तिने धरली होती. संध्याकाळी तिला पोलीस चौकीत नेऊन बसवलं.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले, ते सांगण्यासारखं नाही. पाचव्या दिवशी सासूबाई मला सिद्धेश्वराला घेऊन गेल्या. सुवेर असल्यामुळे देवळात जायचं नव्हतं, म्हणून देवळाभोवतीच्या तळ्याच्या काठावरूनच कळसाला हात जोडले. 'माझं बाळ दे' म्हणायला तोंड उघडलं आणि पान्हा फुटला. चोळी भिजली. भुकेलं बाळ कुठेतरी रडत असेल आणि मी इथे देवाशीही लबाडी करत उभी, याची इतकी शरम वाटली की तिथेच मोठ्याने म्हणाले, "सिद्धरामा, मीच दिलं रे." सासूबाई वळून बघत राहिल्या. मी तशीच चौकीकडे निघाले.

हवालदार खवळला. "बाई, हे दोन दिसांमागं सांगायला काय झालतं?" पण कोपऱ्यात बसलेल्या हमीदाबीने मान वर केली. "हरे चुड्यांवाली? मैं देखी उसकू. अक्कलकोट के गाडी का पूछ री थी, बड़ी इमली के गांव उतरना बोली." तिला दोन दिवस एकच प्रश्न विचारत होते, बाळ कुठे लपवलंस. दुसऱ्या बाईचं कुणी विचारलंच नव्हतं, कारण माझ्या गोष्टीत दुसरी बाई नव्हतीच.

चौकीतली माणसं सगळी बंदोबस्तावर होती. हवालदाराने हमीदाबीला सोडलं आणि तीच माझा दंड धरून एस.टी.त बसली. चिंचेच्या गावात विचारत गेलो, तर ती बाई ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन वाटीतलं दूध पाजत होती. पोटी मूल नव्हतं तिला. आम्हाला बघून पळाली नाही. म्हणाली, "तुमी टाकलं. मी उचललं."

हमीदाबी शेजारच्या घरात गेली आणि सूपभर जोंधळे मागून आणले. बाईच्या पदरात ओतत म्हणाली, "ले, रीत पूरी हो गई." बाई रडायला लागली, पण हात सैल केले तिने. हमीदाबीने बाळ उचलून माझ्या ओटीत घातलं. मी तिच्या पायाशी वाकले, तर म्हणाली, "नक्को, पैले दूध पिलाव."

मुलगा जगला, आज संसाराला लागलाय. चोर म्हणून चौकीत बसलेल्या आयेला मात्र दवाखान्याने परत घेतलं नाही. देवापुढे आणि हवालदारापुढे मी खरं बोलले, पण वॉर्डात जाऊन सांगायचं धैर्य मला झालं नाही. दर वर्षी मुलाच्या वाढदिवसाला मी सूपभर जोंधळे घेऊन तिच्या दारी जात असे. ती हसून घेई आणि पोराची खुशाली विचारी. ती एकदाही त्या दोन दिवसांबद्दल बोलली नाही. आता ती नाही. सिद्धरामाने माझं बाळ मला ज्या हातांनी परत दिलं, त्याच हातांना मी चोराचे म्हटलं होतं. ते चोराचे नव्हते, एवढं निदान आज लिहून ठेवते.