सोळाची खोली, चोवीसची खोली

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि बाईसाहेबांना सगळ्यात आधी पाहायचा होता गोदावरीचा फोटो. बासरला शिकणाऱ्या माझ्या भाचीनं पाठवलेला, संध्याकाळच्या आभाळाचा. तोही मोबाइलवर नको, कॉम्प्युटरवर, मोठा करून.

आमच्या इचोड्याच्या घरातला कॉम्प्युटर जुना, लिनक्सवर चालणारा. मी त्यावर दफ्तराचं टायपिंग तेवढं करते. फोटो उघडला. आई डावा डोळा तळहातानं झाकून पाहू लागली.

"आभायात पट्टे दिसून राह्यले." मग उजवा झाकून डाव्यानं पाहिलं. "याच्यानं नाही दिसत. डॉक्टरनं डोळाच बिघडवला माहा. दुसऱ्याले मी हात लावू देत नाही."

डाव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. वाकून पाहिलं, तर पट्टे मलाही दिसले. केशरी रंग जांभळ्याकडे पायरी पायरीनं उतरत होता.

"अवं आई, मलेबी दिसून राह्यले!"

"माही समजूत काढू नको."

जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, थापा ओळखण्यात पटाईत. मला रागच आला. एरवी माझं खोटं ती लगेच पकडते ते ठीक, पण आज खरं बोलतेय तर तेही तिला खोटंच वाटतं!

भाचीला निरोप पाठवला. कॉम्प्युटर शिकणारी पोर, तिनं आजीसाठी मुद्दाम मराठीत उत्तर लिहिलं. मी मोठ्यानं वाचलं, "मावशी, रंगाची खोली सोळा असेल. चोवीस करा."

"सोळाची खोली चोवीसची?" आई चमकली. "अन् भित कोन पाडन? सैपाकघर जाते न त्याच्यात!"

राहायची नव्हे, विहिरीला असते ती खोली, असं मी हसू दाबत समजावलं. रंगाची खोली कमी असली की छटा अपुऱ्या पडतात, मग एका छटेवरून थेट दुसरीवर उडी, तोच पट्टा. आईनं मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं.

भाची फोनवर सांगत गेली. सेटिंगची फाइल उघडली, पासवर्ड दिला, 'डिफॉल्ट डेप्थ' म्हणजे तीच रंगाची खोली, तिच्यापुढचा सोळा खोडून चोवीस लिहिला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर पडदा काळाच. मग हळूच उजेड आला.

फोटो पुन्हा उघडला. मला आभाळ सलग दिसत होतं, पण तिला पट्टे दिसलेच तर, या भीतीनं मी तिच्याकडेच पाहत होते.

"गेले वं," ती म्हणाली. मग डोळा बदलून पाहिलं. "पन या डाव्याले ते आंधीबी काऊन नाही दिसले?"

"त्याले धड दिसतेच कुठं? नवा डोळा चांगला हाय, म्हनून तर त्यानं कॉम्प्युटरची चूक पकडली."

आई बराच वेळ आभाळ पाहत बसली. मग टेबलावरचा फोन तिनं माझ्याकडे सरकवला.

"डॉक्टरले लाव. म्हन, पुढचा महिना काऊन? या हप्त्यात नाही जमत का?"