अ. ब. क. यांच्या नावे आलेलं पत्र

कामठी रोडवरच्या शाळेत प्रेमानंद सर सव्वीस वर्षांपासून आठवीला मराठी शिकवतात. माणूस साधा, पण एका बाबतीत भलता हट्टी. पत्रलेखनाचा धडा आला की वर्गातल्या प्रत्येकानं एक खरं पत्र लिहायचं, पाकिटावर शाळेचा शिक्का मारायचा आणि ते पोस्टात टाकायचं. सर स्वतः ते पत्र वाचत नाहीत. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे शिक्षक हसतात, मोबाईलच्या जमान्यात हे काय खूळ म्हणून. हसू द्या बापडे.

खूळ घरातूनच आलेलं. त्यांची आई इंदूबाई निरक्षर, वडील कामासाठी बल्लारशाला. त्यांना पाठवायचं पत्र आई सांगायची आणि दहा वर्षांचा प्रेमानंद लिहायचा. मग ती त्याच्याकडून सगळं वाचून घ्यायची आणि मधेच थांबवायची, "हे मी बोलली का?" पोरानं हमखास शाळेतलं एखादं भारदस्त वाक्य घुसडलेलं असायचं. ते मुकाट्यानं खोडावं लागे. लिहिणं कशाला म्हणतात ते सर तिथंच शिकले, बी.एड. वगैरे सगळं नंतरचं.

यंदा त्यांच्या वर्गात दीक्षा आली. ती कन्हानहून बसनं येते. बोलायला लागली की वर्ग तोंडाकडे बघत राहतो, आणि वही उघडली की तीच पोरगी गाइडमधली पोपटपंची उतरवते. त्यात रोजचा उशीर. बस शाळेच्या फाटकासमोरून सुसाट निघून जायची आणि दीड किलोमीटर पुढं पेट्रोल पंपाशी थांबायची. तिथून ही दप्तर सावरत उलटी पळत यायची. मुख्याध्यापिकांच्या दोन चिठ्ठ्या घरी गेल्या. तिचे बाबा संघपाल भले गृहस्थ, पण पोरगी भर रस्त्यानं पळते हे ऐकून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. दिवाळीपर्यंत बघतो, मग गावातल्याच शाळेत नाव घालतो, असं त्यांनी सांगून टाकलं. दीक्षाला ही शाळा सोडायची नव्हती. तिनं जाऊ नये असं सरांनाही फार वाटे, फक्त ते बोलून दाखवत नसत.

मग बसवाल्यांनाच लिही, असं सर म्हणाले. तिनं लिहिलं आणि पत्र पोस्टात पडलं.

तीन आठवड्यांनी शाळेचा शिपाई कवडू एक पाकीट घेऊन आठवीच्या तुकड्यांत हिंडू लागला. अ. ब. क. नावाचं पोरगं कोणत्या तुकडीत आहे, असं तो मोठ्या गंभीरपणे विचारत होता. पाकिटावर लिहिलं होतं, 'अ. ब. क., इयत्ता आठवी'. वर्ग पोट धरून हसला. दीक्षा तेवढी खाली मान घालून बसली.

सरांनी तिला विचारून पाकीट फोडलं. बस कार्यालयातल्या कुणा कारकुनानं लिहिलं होतं, 'आपली गैरसोय समजली. परंतु आपले नाव, बस कोणती, वेळ कोणती आणि थांबा कोठे हवा, हे पत्रात आढळले नाही. कृपया कळवावे.'

"काहून वं, तुले नाव नाही का?" सरांनी विचारलं.

"सर, तुम्हीच तर तसं लिहायला सांगितलं."

खरंच होतं की! तपासणाऱ्याला नाव कळू नये म्हणून परीक्षेत अ. ब. क. लिहायचं, हे सव्वीस वर्षं फळ्यावर कुणी लिहिलं होतं? सरांना भयंकर लाज वाटली. चूक माझी आहे, असं त्यांनी भर वर्गात सांगितलं.

मधल्या सुट्टीत दीक्षा दुसरं पत्र लिहायला बसली. सरांनी नियम मोडला, पण अर्धाच. वाचलं नाही, तिच्याकडून वाचून घेतलं. 'प्रचंड गैरसोय' आली की ते विचारायचे, "हे तू बोलली का?" ती खोडायची. चार कागद वाया गेले, डबा तसाच राहिला. शेवटी उरलं ते असं:

'सकाळची कन्हानची बस सात वीसला आमच्या फाटकासमोरून जाते. मला खिडकीतून कवडूमामा घंटेजवळ उभे दिसतात. मग बस मला पेट्रोल पंपापर्यंत नेते आणि मी तेवढीच पळत परत येते. आम्ही अकरा जण आहोत. दिवाळीनंतर बाबा मला या शाळेतून काढणार आहेत. बस फाटकापाशी एक मिनिट थांबवा.' खाली सही, दीक्षा संघपाल गोंडाणे.

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा उत्तर आलं, सोमवारपासून थांबा मंजूर. सोमवारी सर सात वाजल्यापासून फाटकात. बस आली आणि चक्क थांबली. दहा पोरं उतरली, मग दीक्षा, आणि तिच्या मागून संघपाल. स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले होते. बसपासून फाटकापर्यंत ते पावलं मोजत आले, वीसही भरली नाहीत.

"जय भीम, सर," ते म्हणाले. "राहू द्या तिले इथंच."

घंटा झाली. एरवी सर हजेरीत दीक्षाचं नाव शेवटाला ठेवत, ती पोचेपर्यंत. त्या दिवशी त्यांनी ते तिच्या नंबरावर घेतलं, बापाच्या नावासकट पूर्ण.

"हजर, सर."