आबांच्या भूपाळीची सीडी

काळ्या स्क्रीनवर खटाखट कमांडी ठोकणारं पोरगं म्हनलं की तुमाला वाटलं असंल, ह्यानं आता कोनाची तरी बँक साफ केली. थोडं थांबा. मी आमच्या आजोबांची, म्हंजे आबांची, सीडी वाचवून राहिलो होतो.

आबा कुरुंद्याच्या देवळात पुजारी होते. ते गेल्यावर पूजा बाबांकडं आली, पन रोज पहाटं भोंग्यावर आबांचीच भूपाळी लागायची. सीडी एकच, आन् देवळातल्या मशीनला सीडीबिगर काही चालत न्हाई. ती मधीच अडकायला लागली तसा बाबांचा चेहरा उतरला. "आता खरे गेले आबा," म्हनले. मी म्हनलो, "मी असताना कसे जातील?"

कोऱ्या सीड्यांसाठी वसमतचा फोटो स्टुडिओ गाठला. मालक म्हनला, "सीडी? कौनसे जमाने से आया भाई?"

"पुढच्या. तिथं संपल्यात."

घरी पहिलं आख्ख्या सीडीची इमेज फाइल, म्हंजे जशीच्या तशी कॉपी, बनवायला गेलो, तं कमांडीनं साफ नकार दिला. मागून कळलं, ती कमांड फायलींच्या सीडीला चालती. गाण्याच्या सीडीत फायलीच नसतात. मग दुसरी कमांड धरली. ही ओरखडा आला की तिथंच परत परत वाचती, आन् वाचताना स्क्रीनवर स्मायलीवानी तोंडं करती. बराबर चाललं की हसती, ओरखड्यावर रडकी होती. मीबी तिच्यासमोर तसंच तोंड केलं. आई म्हनली, "काय रे लेकरा, पोट दुखून राहिलं का?"

सीडी पुसली, स्पीड कमी केली, दुसऱ्या ड्राइव्हात घातली. सोडनारच नव्हतो. शेवटी सगळी भूपाळी निघाली, फक्त एक ओळ न्हाई.

आता, मास्तरापासून कंडक्टरपर्यंत गावात सगळ्यांचे आवाज मी काढतो. आबांचा तं त्यांच्या तोंडावर काढायचो. ती ओळ मोबाइलवर आबांच्या आवाजात म्हनलो, मधी बराबर बसवली आन् कमांड देऊन नवी सीडी राइट केली.

पहाटं भोंगा लागला. शेजारचे काका देवळात येऊन म्हनले, "आबांचा आवाज आज कसा मोकळा येऊन राहिला!" मी छाती फुगवली. बाबांनी मात्र गंध उगाळता उगाळता हात थांबवला.

"ती ओळ तुझी हाय."

"तुमाला कशी कळली?"

"काहून न्हाई कळनार? वडील हायेत ते माझे! त्या ओळीला त्यांचा दम कधी पुरला न्हाई. मधी थांबायचे, मंग उचलायचे. तू एका दमात वढून नेली, नालायका! आन् गावभर नकल्या म्हनून मिरवतो? काढ ती सीडी. नीट आबांसारखी म्हन आन् नवी बनव, न्हाई तं देवळाची पायरी चढू नको!"