महाल्यांच्या फोटोवरचा दुसरा मार्कर

या सदरात येणाऱ्या अशा अनुभवांची सुरुवात बहुतेक जण ‘माझा विश्वास नव्हता’ अशी करतात, आणि शेवटी पोचेपर्यंत तो बसलेला असतो. माझा तेव्हा नव्हता, आजही नाही. आमच्या घरात देव्हारा नाही, दृष्ट काढणं नाही, अमावस्या पाळणं नाही. बाहेरच्या खोलीत बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या, आणि वडील असे की कुणी अंगात आलं म्हटलं तर ‘थर्मामीटर लावा’ म्हणायचे. तरी हे लिहिते आहे, कारण एका वाक्यावरून माझी नोकरी अडली आणि त्या वाक्याबद्दल आता तीन-चार कहाण्या फिरतात. त्यातली एकही मी सांगितलेली नाही.

जागा — नाशिकमधलं, माजी सैनिकांसाठी चालवलेलं एक हॉस्पिटल. नाव देत नाही. मी तिथे एक्स-रे आणि सीटी टेक्नॉलॉजिस्ट होते. नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची. दर वेळी नव्याने सही.

आधी आमच्या कामातली एक पद्धत सांगायला हवी. एक्स-रे काढताना प्लेटच्या कडेला शिशाचं छोटं अक्षर लावतात. पेशंटच्या उजव्या बाजूला आर, डाव्या बाजूला एल. शिशातून किरण जात नाहीत, त्यामुळे अक्षर फोटोत पांढरं उमटतं. याला मार्कर म्हणतात. प्रत्येक टेक्नॉलॉजिस्टची स्वतःची जोडी असते आणि अक्षराखाली त्याच्या नावाची आद्याक्षरं. हा नियम. प्रत्यक्षात मशीन डिजिटल झाल्यापासून आम्ही सगळ्यांनी आपापल्या जोड्या ड्रॉवरमध्ये टाकल्या होत्या. फोटो आला की कीबोर्डवरून कोपऱ्यात आर टाकायचा, पुढचा पेशंट.

जोडी ड्रॉवरमध्ये न टाकणारा एकच माणूस होता — हवालदार बबन गांगुर्डे. सैन्यातून रेडिओग्राफर म्हणून निवृत्त, मूळ घोटीकडचे. मला काम त्यांनी शिकवलं. ते म्हणायचे, “कीबोर्डवरचं अक्षर तुझ्या डोक्यातून येतं, शिशाचं पेशंटच्या अंगावरून. डोकं दुपारी दमतं.” त्यांच्या एलचा खालचा पाय वाकडा होता, ट्रॉलीच्या चाकाखाली आला होता. नवा घेतला नाही. “चेहरा ओळखू येतो ना? मग झालं.”

या घटनेच्या दोन वर्षं आधी ते गेले. अस्थिविसर्जनाच्या आदल्या दिवशी मी त्यांची जोडी नेऊन त्यांच्या पत्नीच्या हातात दिली. ती अस्थींबरोबर रामकुंडात सोडली, असं त्यांच्या मुलाने नंतर सांगितलं. सोडताना मी पाहिलेलं नाही.

आता तो दिवस. सोमवार, सकाळचे साडेदहा, बाहेर वीसेक पेशंट. व्हीलचेअरवर निवृत्त नाईक महाले आले. सुरगाण्याकडचे, वय सत्तरच्या पुढे. आधी जीप, मग एसटी, असं करत पत्नीने आणलेलं. श्वास इतका लागलेला की एक वाक्य दोनदा तोडून बोलत होते.

“बाबा, उभं राहता येईल का?” मी विचारलं.

“कसला उभा राहतोय,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “तीन रोज झालं, आडवा नाय झाला. बसल्या बसल्याच डोळा लावतोय.”

“परेड आहे... का?” महाले म्हणाले.

“बघा. दम नाय छातीत आन् मस्करी सुचतेय.”

बंडी काढून बसूनच फोटो घेतला. उभ्या पेशंटला किरण पाठीकडून जातात, बसलेल्याला समोरून. ते मशीनला सांगावं लागतं, नाहीतर फोटो आरशातल्यासारखा उलटा येतो. मी सांगितलं नाही. सकाळपासून सगळे उभ्याचे फोटो झाले होते, सेटिंग तेच राहिलं. शिशाचा मार्कर लावला नाही. स्क्रीनवर छातीची एक बाजू पूर्ण पांढरी दिसली, म्हणजे पाणी भरलेलं. सवयीने नेहमीच्या कोपऱ्यात, म्हणजे त्या पांढऱ्या बाजूलाच, आर टाकला आणि फोटो वॉर्डला पाठवला. फोटो नीट पाहिला का? नाही. म्हणून ‘तेव्हा दुसरा मार्कर नव्हता’ असं मी म्हणू शकत नाही. मला दिसला नाही, एवढंच म्हणते.

वीस मिनिटांनी वॉर्डमधून डॉ. देवऱ्यांचा फोन आला.

“ताई, दोन मार्कर का लावलेत? कोपऱ्यात आर आहे आणि त्याच बाजूला खांद्याजवळ एल.”

“मी एकच टाकलाय, सर.”

“मग हा कुणाचा? उलटा दिसतोय. मी पाणी काढायला सुई घेऊन उभा आहे, लवकर सांगा.”

मी फोटो उघडला. खांद्याच्या वर, पांढराशुभ्र, आरशात दिसावा तसा उलटा एल. खालचा पाय वाकडा. त्याच्याखाली उलटीच दोन अक्षरं — बी, जी.

अंगावर काटा वगैरे आला नाही. तेवढा वेळ नव्हता. मार्कर उलटा म्हणजे फोटो उलटा, आणि पाणी डावीकडे. मी म्हटलं, “सर, थांबा. उजवीकडे सुई घालू नका. माझा आर चुकीचा आहे.”

त्यांनी दोन्ही बाजू बोटांनी ठोकून पाहिल्या, स्टेथोस्कोप लावला. पाणी डावीकडेच होतं. “हे मी आधीच करायला हवं होतं,” असं ते स्वतः म्हणाले. मी त्यांच्या तोंडी घालत नाही. उजवं फुप्फुस तेवढं एकच धड चालत होतं. त्याला सुई लागली असती तर महाले त्या कॉटवरून उठले नसते.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा ते सपाट आडवे झोपले होते.

“घोरतोय,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “आज घोरू दे म्हनलं. रोज कोपर मारतेय.”

त्यानंतर मी जे तपासलं ते असं. प्लेटवर, व्हीलचेअरवर, खोलीत कुणाचा मार्कर राहिला होता का — नाही. ड्रॉवरमधल्या जोड्या मोजल्या. सगळ्या जागेवर, बी. जी. त्यात नाही. प्लेटवर जुन्या फोटोची छाप राहू शकते, पण गांगुर्डे गेल्यानंतर ती प्लेट बदलली होती. ही प्लेट त्यांनी कधी पाहिलीही नव्हती. मशीनच्या इंजिनिअरने फाइल तपासली आणि अक्षर नंतर टाकलेलं नाही, एक्स्पोजरच्या वेळचंच आहे, असं सांगितलं. जुन्या संग्रहातून त्यांचा एक फोटो काढून शेजारी ठेवला. पायाचा बाक तोच.

दुपारपर्यंत ही बातमी हॉस्पिटलभर झाली. सीटीवरचा माझा सहकारी संतोष म्हणाला, “मेल्यावरही ड्यूटी. आर्मीचं भूतच असं, सीएल घेत नाही.” शिंदे सिस्टरांनी गांगुर्ड्यांचा फोटो आणून एक्स-रेच्या दारावर लावला, हार घातला, उदबत्ती पेटवली. मी उदबत्ती विझवली आणि हार काढला.

“ताई, त्यांनी तुला वाचवलं आणि तू...” सिस्टर म्हणाल्या.

“त्यांनी वाचवलं हे तुम्हाला कुणी सांगितलं? मला तर अजून कुणी सांगितलेलं नाही.”

सिस्टर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

तीन दिवसांनी वैद्यकीय अधीक्षकांनी बोलावलं. निवृत्त कर्नल, शांत माणूस. समोर टाइप केलेला खुलासा ठेवला. त्यात एक वाक्य होतं — ‘सदर एल मार्कर मी स्वतः लावला होता, स्क्रीनवर आर टाकताना नजरचूक झाली.’

“सही करा,” ते म्हणाले. “मार्कर लावलात म्हणजे नियम पाळलात. नजरचूक माफ होते. वर पेशंट वाचवल्याची नोंद होईल. पुढच्या महिन्यात तुमचा करार माझ्यासमोर येतोय.”

“सर, तो मार्कर मी लावला नव्हता.”

“मग कुणी लावला?”

“माहीत नाही.”

“हे मी फाइलला लावू? माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये मेलेला हवालदार मार्कर लावतो म्हणून?”

“हवालदार मी म्हटलेलं नाही, सर. मी एवढंच लिहीन की मी मार्कर लावला नाही, आणि तो कुणी लावला ते मला माहीत नाही.”

“पहिलं वाक्य निष्काळजीपणाची कबुली आहे. कळतंय ना?”

“हो. ती खरी आहे.”

त्यांनी विचार करायला एक दिवस दिला. संतोषने बाहेरच गाठलं. “ताई, लिहून टाका ना. गांगुर्डे सर काय हरकत घ्यायला येणार आहेत? त्यांना तर आवडेलच, तुम्ही मार्कर लावला म्हणून.”

घरी आईने वेगळंच विचारलं. “नोकरी गेली तर दुसरी मिळेल?”

“मिळेल. इतकी चांगली नाही.”

“मग जेव.”

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने खुलासा लिहून नेला. सेटिंग बदललं नाही. मार्कर लावला नाही. आर चुकीचा टाकला. एल कुणाचा, माहीत नाही. कर्नलसाहेबांनी तो दोनदा वाचला.

“इतकं सोपं होतं. का करताय हे?”

“सर, महाल्यांच्या फोटोवर मी एकदा खोटं अक्षर टाकलंय. न बघता टाकलं होतं. आता बघून टाकायला सांगताय.”

आवक शिक्का मारायला त्यांनी कागद क्लार्ककडे दिला. महिनाभराने करार वाढला नाही. कारण लिहिलं होतं: कामात निष्काळजीपणा. ते कारण बरोबर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शेवटच्या दिवशी वरून निरोप आला की महाल्यांचा फोटो कडेने कापून सेव्ह करा. छाती पूर्ण दिसते तेवढं पुरे. म्हणजे खांद्याजवळचं अक्षर गेलं असतं. मी सांगितलं, ज्याला कापायचा त्याने स्वतःच्या लॉगिनने कापावा. तासभर वाट पाहिली. कुणी आलं नाही. मी लॉगआउट केलं.

आता मी एका खासगी सेंटरमध्ये आहे. तिथले लोकही विचारतात, या सदराचे वाचकही विचारतील — मग तो मार्कर आला कुठून? मुलाने सांगितलं ते चूक असेल आणि जोडी नदीत गेलीच नसेल, तरी ती त्या सकाळी खोलीत आणणारा माणूस लागतो. मला तो सापडलेला नाही. फोटोत मला न समजणारी एखादी तांत्रिक गोष्टही असेल. ज्याच्याकडे उत्तर असेल त्याने पुराव्यासकट द्यावं, मी मानेन. उदबत्ती आणि टाइप केलेला खुलासा ही उत्तरं नाहीत. त्या फोटोत दोन अक्षरं आहेत. आर माझा, चुकलेला. एल बरोबर आहे, आणि तो माझा नाही.