सौभाग्यवतींचे अचूक अंदाज

सुहृदहो, आज दुपारी बसलेला धक्का अद्याप ओसरलेला नाही, म्हणूनच हे लिहीत आहे.

गंगाखेडच्या आमच्या घरी आम्ही उभयता संध्याकाळी मोबाइल टीव्हीला जोडून एका रहस्यमालिकेचा रोज एकेकच भाग पाहतो. त्या ॲपची वार्षिक वर्गणी मुलाने भरली आहे. कोण खोटे बोलत आहे, पुढे कोण पकडला जाईल, हे सौभाग्यवती आधीच सांगतात आणि ते तंतोतंत खरे ठरते. त्यांच्या या तर्कबुद्धीचे कौतुक मी येथे दोनदा जाहीरपणे केले आहे.

आज बँकेतून लवकर परतलो. पाहतो तो सौभाग्यवती स्वतःच्या मोबाइलवर त्याच मालिकेच्या शेवटच्या भागात रमलेल्या. आम्ही तर अद्याप अकराव्या भागावर आहोत.

"हे केव्हापासून चालले आहे?" मी विचारले.

"पयल्या दिवसापासून. तुमी दर वाक्याला थांबवून त्या नटांच्या मराठीच्या चुका काढता. गोष्टीचा पत्ताच लागत न्हाई. म्हणून मी दुपारीच बघून घेते."

"मग संध्याकाळी कशाला बसतेस?"

"चुका काढल्यावर ऐकायला कुणीतरी पायजे की. एकटे कुणाला सांगताल?"

ते ऐकून आजचा भाग एकदाही न थांबवता, तोंड मिटून पाहण्याचे मी ठरवले होते. परंतु मी बोललोच नाही, तर त्या शेजारी कशासाठी बसतील, या विचाराने आता अस्वस्थ आहे. माझ्या जागी आपण असता, तर बोलला असता की गप्प बसला असता?