शिशाची कील

कुठलीही वस्तू हातात आली की त्या ती आधी तर्जनीवर आडवी धरायच्या. मराठी मंडळाच्या जेवणात भातवाढी दिली तरी तोच प्रकार. ती डुलून स्थिर झाली की म्हणायच्या, "हं, तोल इथे आहे," आणि मग वाढायला लागायच्या. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या नोएडाच्या सोसायटीत त्या होत्या. सरकारी ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेल्या, मूळच्या मालवणच्या.

त्या वर्षी माझी नोकरी गेली होती. घरी बसून मी जुन्या वीजबिलांच्या बेरजा तपासत असायचो. एका सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या. "हिशोबाचा माणूस हवाय. होडी बांधतेय."

पार्किंगच्या कोपऱ्यात खरंच शिडाची एक छोटी होडी आकार घेत होती. सोसायटीचे सेक्रेटरी येता-जाता विचारायचे, "मॅडम, नोएडा में समुंदर कब आ रहा है?"

"तब तक आप तैरना सीख लीजिए," त्या मान वर न करता सांगायच्या.

होडी त्यांच्या मिस्टरांसाठी होती. तरुणपणी मिस्टरांनी खाडीत शीड सांभाळलेलं; आता अर्धांगवायूनं उजवी बाजू हलत नव्हती. "लहान होडी कलली की माणूस दुसऱ्या बाजूला सरकतो," त्यांनी मला समजावलं. "ह्यांना सरकता येत नाही. ते काम कीलनं करायचं." कील म्हणजे होडीच्या तळाखालचं उभं पोलादी पातं, खालच्या टोकाला शिशाचा गोळा. शिसं किती लागेल ते मी काढायचं.

टायरवाल्यांकडून चाकं बॅलन्स करायची जुनी वजनं आणून वितळवली, तर शिसं कमी भरलं. प्रत्येक वजनाला लोखंडी क्लिप असते, आणि मी क्लिपांसकट जोखलं होतं. माझा चेहरा उतरला. "अहो, क्लिपा वर तरंगल्या म्हणून कळलं तरी," त्या म्हणाल्या. "चला, अजून टायरवाले आहेत."

कील होडीला बसवायच्या आधी त्यांनी वेल्डरला थांबवलं. "भैया, पहले लटकाओ." साखळीला आडवं टांगलेलं पातं डुलायचं थांबेपर्यंत त्या बघत राहिल्या.

माझ्या नोकरीबद्दल त्यांनी कधीच विचारलं नाही. रोज सकाळी फक्त, "आज किती शिसं?" त्या प्रश्नासाठी मी रोज दाढी करायचो.

आता मिस्टर नाहीत. होडी एका क्लबाला देऊन त्या मुलीकडे पुण्याला गेल्या. मला आठवतो तो गुरुग्रामपलीकडच्या तळ्यावरचा पहिला दिवस. मिस्टर उशांना टेकून बसलेले, त्या सुकाणूवर, मी काठावर. वारा आला आणि होडी कलली, माझ्या अंदाजापेक्षा जास्त. मिस्टरांचा डावा हात कडेला घट्ट. त्यांना सरकता येत नव्हतं, आणि त्याही जागच्या हलल्या नाहीत. होडी थोडी तशीच राहिली, मग आपणहून सरळ झाली.

पाण्यावरून मिस्टरांचा जड आवाज आला, "परत."

त्यांनी होडी पुन्हा वाऱ्यात वळवली.